दंडावरची पुळी आणि घरातला खोकला

अगं राणी, आधी बाळाच्या दंडावरचा तो हळदीचा लेप कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं पुसून काढ. दाबू नको, पिळू नको. मग बाळाला मांडीवर घे आणि पाजत पाजत हे वाच.

काल फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. बीसीजीची जागा पिकलीय, तिचं काय करू? मामंजींना टीबी निघालाय, तर बाळाला घेऊन विट्याला जाऊ की नको? आणि बाळाला लस टोचलीय, म्हणजे आता त्याला टीबी होणारच नाही ना? तिथल्या तिथं हो-नाही सांगून तुला गप्प करता आलं असतं. पण अर्धवट उत्तरावर तू पुन्हा रात्रभर जागशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. शिवाय तू न विचारलेला एक चौथा प्रश्नही माझ्या डोक्यात घोळतोय. तो शेवटी सांगते.

पुळीचं उत्तर सोपं आहे. लस दिल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तिथं गाठ येते, ती लालसर होते, पिकते, फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत तिचा वण उरतो. तिला काहीही लावायचं नाही. हळद नको, मलम नको, शेक नको, पट्टी नको. अंघोळ खुशाल घाल, जागा हलक्या हातानं टिपून कोरडी कर, अंगडं सैल घाल. डाव्या काखेत बारीकसं अवधाण आलं तरी घाबरू नको. ते मोठं होत चाललं, मऊ पडून पिकलं, किंवा बाळाला ताप येऊन ते दूध ओढेनासं झालं, तर मात्र लगेच दवाखाना. आणि तुझ्या जावेच्या पोराला वण उमटलाच नाही म्हणून त्याची लस फुकट गेली, असं जे कुणी सांगितलंय ते डोक्यातून काढ. वण न उमटताही शरीर शिकलेलं असू शकतं, म्हणून वण नाही एवढ्यावरून पुन्हा टोचत नाहीत.

आता शिकलेलं म्हणजे काय, तेच तुला नीट सांगायचंय.

इतकी वर्षं मी वाळव्याकडच्या उपकेंद्रात बाळांना टोचत आले. बीसीजीची कुपी गडद तपकिरी काचेची असते, कारण ही लस उजेडानं मरते. तळाशी पांढरट भुकटी असते, ती सलाईनच्या पाण्यात विरघळवायची आणि चार तासांत वापरायची. उरली तर टाकून द्यायची. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, म्हणजे एक मोठा थेंबच. तो मांसात जाऊ द्यायचा नाही, कातडीच्या खाली उतरू द्यायचा नाही. कातडीच्या आतल्या आतच सोडायचा. सुई इतकी आडवी धरावी लागते की नव्या पोरींचा हात थरथरतो. नेमकं जमलं की कातडीवर छोटासा पांढुरका फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसतात. तो उठला की माझा जीव भांड्यात पडतो. इतकी खटपट कशासाठी, तर कातडीच्या त्या थरात पहारेकरी पेशी दाट असतात. लस त्यांच्या हाती पडली पाहिजे.

त्या थेंबात जिवंत जंतू असतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. टीबीचेच, पण गाईगुरांना होणाऱ्या टीबीचे. फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ पासून तो जंतू पित्त घातलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. दर तीन आठवड्यांनी जुन्यावरून नव्या फोडीवर, असा २३० वेळा. तेरा वर्षं लागली. तेवढ्यात त्या जंतूनं आपल्या जनुकांचा एक तुकडा हरवला आणि त्याबरोबर माणसाला आजारी पाडण्याची ताकदही. १९२१ साली पॅरिसमध्ये ती लस पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिली. त्या बाळाची आई बाळंतपणात टीबीनं गेली होती आणि बाळ टीबीच झालेल्या आजीकडं वाढणार होतं. तुझ्या काळजीसारखीच काळजी तेव्हा कुणीतरी केली होती, बघ.

आपल्या भागात तालमी गल्लोगल्ली, म्हणून कुस्तीच्याच भाषेत सांगते. नव्या पोराला वस्ताद एकदम फडात उतरवत नाहीत. आधी हलका जोड देतात. तो पाडणार नाही, पण पकड तीच घालेल, डाव तोच टाकेल. महिनाभर त्याच्याशी झोंबल्यावर पोराच्या अंगात ते डाव मुरतात. बीसीजी म्हणजे बाळाला दिलेला असा हलका जोड. दंडावर पुळी दिसते ती त्याच झोंबाझोंबीची. म्हणूनच तिला लेप लावून थंड करायचं नसतं.

आणि बाळाच्या आत कोण शिकतं, तेही ऐक. कातडीतल्या पहारेकरी पेशी ते जंतू गिळतात, त्यांचे तुकडे घेऊन काखेतल्या गाठींकडं जातात. अवधाण येतं ते याच गाठींना. तिथं टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यातल्या ज्यांना तो तुकडा ओळखू येतो, त्या जाग्या होतात आणि भराभर वाढतात. काही आठवड्यांत त्यांची फौज होते. काम झाल्यावर बऱ्याचशा मरतात, पण थोड्या मागे राहतात आणि वर्षानुवर्षं ती ओळख जपतात.

टीबीच्या बाबतीत या टी-पेशींचंच महत्त्व, कारण हा जंतू फार लबाड. गोवरासारख्या आजारात रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं विषाणूला धरतात. टीबीचा जंतू मात्र त्यांच्या हाताला लागत नाही, कारण तो आपल्याच पेशीच्या पोटात जाऊन लपतो. कुणी खोकलं, जंतू हवेत आले, बाळाच्या श्वासातून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचले, की तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. एरवी गिळलेला जंतू तिथं जिरून जातो. हा जिरत नाही. पेशीचं पाचक रसायन आपल्यापर्यंत पोचूच देत नाही आणि तिथंच वाढत बसतो. त्या भक्षक पेशीला बाहेरून चेतवावं लागतं, आणि ते काम टी-पेशी करतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, मग भक्षक पेशीला बळ येतं आणि ती आतल्या जंतूला मारायला लागते. जे मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशींचा वेढा पडून बारीक गाठ तयार होते. जंतू आत कोंडला जातो, माणूस ठणठणीत राहतो. आपल्या देशात असे कोंडलेले जंतू छातीत घेऊन फिरणारी कोट्यवधी माणसं आहेत. त्यांना खोकला नाही, त्यांच्यापासून कुणाला लागण नाही. दहांतल्या नऊ जणांना जन्मात टीबी होत नाही.

लस न घेतलेल्या शरीरात ही टी-पेशींची फौज तयार व्हायला लागणीनंतर दोन ते आठ आठवडे जातात. मोठ्या माणसाला तेवढी सवड पुष्कळदा मिळते. तान्ह्या बाळाला मिळत नाही. त्याची फौज कोवळी, वेढा नीट पडत नाही, आणि जंतू रक्तात उतरतो. मग तो अंगभर पसरतो किंवा मेंदूच्या आवरणात जातो. मेंदूच्या टीबीनं आजारी पडलेलं बाळ मी पाहिलंय. मान ताठ, नजर एका जागी, आणि आई नुसती त्याचे तळवे चोळत बसलेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की बीसीजी घेतलेल्या बाळांत हे दोन भयंकर प्रकार खूपच कमी होतात. साधारण ७० ते ८० टक्क्यांनी कमी. फौज आधीच तयार असते, जंतू रक्तात उतरण्याआधीच तिचं काम सुरू होतं. लस जन्मल्या जन्मल्या द्यायची ती यासाठी.

म्हणून आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, की मी आशाताईला घेऊन कोप्यांवर जाते. तिथं एखादीची वाटेत कुठंतरी सुटका झालेली असते, बाळ महिन्याचं होतं तरी कुणी सुई लावलेली नसते. कुपीत दहा बाळांचे डोस, समोर एकच बाळ, आणि चार तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पुढच्या सत्राला बाळं जमली की देऊ, असं नव्या सिस्टरला वाटतं. मी तिला सांगते, फोड कुपी. नियमही तेच सांगतो, एका बाळासाठीसुद्धा फोडायची. टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फडावर गेली की ते बाळ पुन्हा कुणाच्या हाती लागेल, काय सांगावं. नऊ डोस गेले तर गेले.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. लस दिली म्हणजे टीबी होणारच नाही का? नाही गं, तसं नाही. लस जंतूला श्वासातून आत शिरण्यापासून फारशी अडवत नाही. बीसीजी घेतलेल्या मुलांत लागण होण्याचंच प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास कमी दिसलं, असं २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात आलं. म्हणजे थोडं अडवते, पण भिस्त ठेवावी इतकं नाही. तिचं खरं काम आत शिरलेल्याला पसरू न देण्याचं. आणि वय वाढतं तशी ही शिकवण पुसट होत जाते. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तर हिचा भरवसाच धरता येत नाही.

हे आपल्याच देशात, फार मोठी किंमत मोजून कळलं. तमिळनाडूत चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून सुमारे पावणेतीन लाख लोकांना चाचणीसाठी टोचलं. काहींना बीसीजी, काहींना नुसतं पाणी. पंधरा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत दोन्ही गटांत फरकच दिसला नाही. लहानपणी टोचलेल्यांत थोडासा दिसला. का, यावर अजून वाद आहे. एक कारण मला पटतं. आपल्या उष्ण मुलखात माती-पाण्यात टीबीच्या नात्यातले पण निरुपद्रवी जंतू भरपूर. मोठं होईस्तोवर शरीराची त्यांच्याशी ओळख होऊन गेलेली असते. त्यावर बीसीजी टोचली की शरीर तिला ओळखीचा म्हणून लगेच निपटून टाकतं, किंवा तिच्यापासून नवीन काही शिकत नाही. कोऱ्या बाळावर ती उमटते तशी मोठ्यावर उमटत नाही. तरीही कुणी चिंगलपेटचं नाव घेऊन बीसीजी बिनकामाची म्हणालं, तर ऐकू नको. ती चाचणी मोठ्यांच्या खोकल्याच्या टीबीबद्दल बोलते, बाळाच्या मेंदूबद्दल नाही.

या टी-पेशींची किंमत आपल्या सांगलीनं तर डोळ्यांनी बघितलीय. नव्वदीत एचआयव्हीनं हा पट्टा होरपळून निघाला. एचआयव्ही ज्या पेशी मारतो, त्या टीबीला कोंडून धरणाऱ्याच टी-पेशी. त्या गेल्या की वर्षानुवर्षं गाठीत गप्प बसलेला जंतू बाहेर पडतो. लहानपणची बीसीजी असो-नसो, त्याला अडवायला कुणी उरलेलं नसतं. एचआयव्हीचे किती रुग्ण शेवटी टीबीनंच गेले. आणि म्हणूनच एचआयव्हीमुळं आजारी असलेल्या बाळाला बीसीजी देत नाहीत. ज्याची फौजच नाही, त्याला हलका जोडसुद्धा जड जातो.

मागं वळून पाहिलं, तर औषधं येण्याआधी लोक याच फौजेच्या भरवशावर होते, फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. पाचगणीला १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. इकडं मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं होतं, पुढं सांगली-मिरजेच्या मधे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं. तू कॉलेजला बसनं जिथून जायचीस ती वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तिथं द्यायला काय होतं? मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्महिने पडून राहणं. शरीराला वाढ-पोषण द्यायचं आणि ते जंतूला वेढतंय का, याची वाट बघायची. काही जण उठून घरी गेले, बरेच गेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांतून खोकत परत आलेल्या आपल्या साताऱ्याकडच्या कितीतरी पुरुषांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आता मामंजी. माझं मन त्यांच्यापाशी अडकलंय, खरं सांगते. अख्खी हयात त्यांनी परमुलखात गलाईच्या भट्टीपुढं काढली, धूर नि आम्लाची वाफ छातीत घेतली. आता घरी बसून नातवाची वाट बघतायत. आणि आत्याबाई म्हणतायत की त्यांना मळ्यातल्या शेडवर ठेवू. राणी, ते होऊ देऊ नको. आमच्या जावईपाहुण्यांना फोनवर स्पष्ट सांग, हवं तर मी सांगते.

१९५० च्या दशकात मद्रासला एक अभ्यास झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, औषधं सारखीच. घरी राहिलेले रुग्ण तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना लागणही जास्त झाली नाही. का? तर जी काही लागण व्हायची, ती निदान होण्याआधीच्या खोकल्याच्या महिन्यांत होऊन गेलेली असते. औषध सुरू झालं आणि ते जंतूला लागू पडलं, की काही दिवसांतच रुग्णाच्या खोकल्यातला धोका झपाट्यानं उतरतो. मामंजींना गोळ्या सुरू होऊन महिना झाला. त्यांच्या बेडक्यातला जंतू औषधाला दाद देतो का, ही तपासणी झालीय का, एवढं पाहुण्यांना कागदावर बघायला सांग. आपल्याकडं ट्रूनॅटवर करतात, गोव्यात तयार होतं ते यंत्र. त्यात जंतू साध्या औषधाला जुमानणारा निघाला, गोळ्या एकही दिवस न चुकता चालल्यात आणि पुढचा बेडका स्वच्छ आला, की बाळाला घेऊन खुशाल जा. तोवर तिथंच कराडला राहा. गेल्यावर मामंजींनी तोंडाला रुमाल बांधावा, अंगणात उन्हात बाळाला मांडीवर घ्यावं, बंद खोलीत नको. त्यांचं ताट-तांब्या वेगळा करायची गरज नाही. टीबी ताटातून लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला वेगळं ताट फार लागतं.

त्या घरात गेल्यावर एक गोष्ट मागून घ्यायची. पाच वर्षांखालचं मूल अशा घरात असेल, तर आधी त्याला टीबी नाही याची खात्री करतात आणि मग तो होऊ नये म्हणून औषध देतात. लहानांना बहुतेक सहा महिने रोज आयसोनियाझिड, वजनाप्रमाणं. बीसीजी घेतलेली असली तरी देतात. तुझं बाळ अजून त्या घरात गेलेलं नाही, त्यामुळं त्याला लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण जावेचं पोर? ते तर तिथंच वाढतंय. त्याला औषध सुरू केलंय का, हे आजच विचार. लस दिलीय ना मग कशाला, असं तिला वाटत असेल. तिला हे सगळं वाचून दाखव.

आणि जेवण. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये निकाल आला. त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी. लस नाही, औषध नाही, डाळ-तांदूळ. टी-पेशींची फौज वाढायला शरीराला प्रथिनं लागतात, उपाशी अंगात ती वाढत नाही. सरकार मामंजींच्या खात्यावर महिन्याला १००० रुपये पोषणाचे टाकतं, ते खाण्यावरच खर्च होऊ देत. पण मला काळजी आहे ती त्या घरातल्या बायकांची. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत तिथं अजून आहे, मी लग्नातच पाहिलंय. तू बाळंतीण आहेस. उसळ, अंडं, शेंगदाणे, दूध, जे काही घरात असेल ते तुझ्या ताटात आधी पडलं पाहिजे. यात लाजायचं काही नाही.

नव्या लशीचंही सांगते. पुण्याच्या सीरमची एक आहे. बीसीजीच्याच जंतूत असा बदल केलाय, की तो पेशीच्या पोटात दडून न राहता आपले तुकडे बाहेर सोडेल आणि टी-पेशींना ओळख पटेल. घरात टीबीचा रुग्ण असलेल्या लोकांवर तिची मोठी चाचणी आपल्या देशात झाली. आफ्रिकेत एका दुसऱ्या लशीनं, आधीच लागण झालेल्या मोठ्यांत टीबी जवळजवळ निम्म्यानं कमी केला, तिची शेवटची चाचणी २०२४ पासून चालू आहे. मला मनापासून आशा आहे, तुझं बाळ शाळेत जाईपर्यंत काहीतरी हाती यावं. शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांत मोठ्यांनाही बीसीजी द्यायला सुरुवात झाली. साठीपुढचे, मधुमेह असलेले, बिडी-सिगारेट ओढणारे, फार बारीक असलेले, टीबी होऊन गेलेले किंवा टीबी रुग्णाच्या सहवासातले, अशांना. आत्याबाई साठीच्या पुढं आहेत आणि साखरही आहे. त्यांनी आशाताईला जरूर विचारावं. मात्र ती घेतली म्हणून तपासणी टाळायची नाही.

तपासणीचं निघालंच आहे, तर मघाशी राहिलेलं सांगते. बाळाची काळजी करता करता तू एक हिशेब केलाच नाहीस. मामंजींचा खोकला दिवाळीपासूनचा. बाळ तेव्हा कुठं होतं? तुझ्या पोटात. त्या घरात बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांना काढा करून देणारी, रात्री पाणी नेऊन देणारी तूच होतीस ना? सातव्या महिन्यात माहेरी आलीस तोवर.

तुझ्या दंडावर लहानपणचा वण आहे. पण त्या शिकवणीवर आता विसंबायचं नाही. दिवस गेल्यावर शरीर पोटातल्या बाळाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडू नये, म्हणून टी-पेशींचा जोर निसर्गच थोडा कमी करतो. मामंजींचा खोकला तू नेमका त्याच महिन्यांत श्वासात घेतलास. बाळंत झाल्यावर तो जोर परत येतो आणि गप्प बसलेला टीबी याच काळात वर येतो. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत टीबीचं प्रमाण जास्त सापडतं, ते म्हणूनच. आणि ओळखू येत नाही गं. वजन उतरलं तर सगळे म्हणतात, अंगावर पाजतेय ना. थकवा आला तर म्हणतात, जागरण. संध्याकाळी कणकण आली तर म्हणतात, वारं लागलं. काल बोलताना तू मध्येमध्ये खोकत होतीस. किती दिवस झाले, विचारल्यावर विषय बदललास.

रागावत नाही. घाबरवतही नाही. बहुतेक काही निघणार नाही. पण बघून घ्यायचंच. कराडच्या वेणूताई चव्हाण रुग्णालयात बेडका तपासतात, पैसे पडत नाहीत. छातीचा फोटो काढायला सांगितला तर काढ, त्यानं दुधाला काही होत नाही. टीबी नाही असं ठरलं, तर आतमध्ये लागण आहे का हे बघायला हातावर सुई टोचतात. जुन्या मांटूत बीसीजीमुळंही हात सुजायचा आणि घोळ व्हायचा. आता साय-टीबी नावाची नवी सुई आलीय. बीसीजीच्या जंतूनं जनुकांचा जो तुकडा हरवला म्हणाले ना, त्याच तुकड्यातली प्रथिनं त्यात वापरतात. त्यामुळं लहानपणच्या लशीचा तिच्यावर परिणाम होत नाही, हात खऱ्या लागणीलाच सुजतो. लागण निघाली तर प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतील, पाजत असतानाही चालतात, सोबत बी-सहाची गोळी देतात. आणि समजा टीबीच निघाला, तरी पाजणं थांबवायचं नाही. तोंडाला मास्क बांधून पाजायचं, आणि बाळाला काय द्यायचं ते डॉक्टर लगेच सांगतील. उशीर मात्र परवडणार नाही, कारण तुझ्याइतकं जवळ त्याच्या नाकाशी दुसरं कुणीच नसतं.

मी तुमच्या भागातल्या आशाताईंशी बोलले आहे. त्या आज संध्याकाळी दोन डब्या आणून देतील. एक तिथं दवाखान्यात द्यायची, दुसरी सकाळची. सकाळी उठल्या उठल्या, चहा-दात काही नाही, साध्या पाण्यानं चूळ भर. अंगणात किंवा गच्चीवर जा, बाळाजवळ नको. खोल श्वास घे, दोन-तीनदा, आणि छातीतून खोक. थुंकी नको, बेडका हवा, घट्टसर, चमचाभर. झाकण पक्कं लाव, बाहेरून पूस, नाव आणि तारीख घातलीय का बघ. आईला बाळापाशी बसव आणि दहाच्या आत डबी पोचव. पोचवलीस की मला मिस्ड कॉल दे. मी सत्रावर असेन, पण बघेन.